घराचा उंबरठा आणि शाळेची पायरी

कोणत्याही शिक्षणसंस्थेचा जुना वार्षिक वृत्तांत उघडून पाहावा. त्यात 'पालकांची अनास्था' हे दोन शब्द हटकून आढळतात. इमारत अपुरी असल्यास त्याला सरकार जबाबदार, निकाल उणा लागल्यास अभ्यासक्रम जबाबदार. परंतु मूल शाळेत आले नाही, किंवा येऊन मध्येच थांबले, तर त्याला जबाबदार पालकांची अनास्था! आपल्या ज्ञातिसंस्थांच्या अहवालांतही या शब्दांची उणीव नाही. प्रस्तुत लेखकाने गेली काही वर्षे महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासाचे यथाशक्ति वाचन केले, तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. ज्या ज्या थोर व्यक्तींच्या हातून शाळा खरोखर उभ्या राहिल्या, त्यांनी अनास्था हे उत्तर कधीच पुरेसे मानले नाही. मूल का आले नाही, हे विचारायला ते त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत गेले. तेथे त्यांना बहुतेक वेळा कारण सापडले, आणि मग त्यांनी घराऐवजी शाळा बदलली. या गोष्टीचा थोडा विस्तार ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवावा, असा मानस आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वीची आपली गावोगावची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा धर्मशाळेत भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वळण घोटायचे, पावकी-निमकी तोंडपाठ म्हणायची, आणि अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. पंतोजींचे वेतन कोणत्याही कचेरीतून येत नसे. कोणाकडून चार पैसे, कोणाकडून शिधा, सणावारी दक्षिणा, दसऱ्याच्या पाटीपूजनाला काही अधिक, असा तो व्यवहार. त्यामुळे पंतोजी हा गावाच्या डोळ्यांसमोर असे. मुलाने घरी उर्मटपणा केला तर आई त्याची तक्रार पंतोजींकडे नेई, आणि शाळा चुकविणाऱ्या मुलाला पंतोजी दुसऱ्या मुलांकरवी उचलून आणवीत. त्यातील शिक्षांचे प्रकार आज ऐकवत नाहीत. तथापि घर आणि शाळा ही तेथे परस्परांस परकी नव्हती, एवढे खरे.

परंतु कोणाचे घर? हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. त्या ओसरीवर ब्राह्मणांची, व्यापाऱ्यांची आणि काही थोड्या अन्य जातींची मुले बसत. मुली जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलाला त्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. आपल्यातील काही वयोवृद्ध मंडळी 'पूर्वी गुरूला मान होता' असे म्हणतात, तेव्हा हा मान देण्याची संधीच किती थोड्यांना होती, याचे स्मरण ठेवणे अवश्य आहे.

१८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर शिक्षणखाते आले आणि पंतोजींचे 'मास्तर' झाले. मास्तरांचा पगार खात्यातून येऊ लागला. त्यांची नजर साहजिकच गावाकडून दिपोटीसाहेबांच्या घोड्याकडे वळली. तपासणीच्या दिवशी हजेरीपट भरलेला दिसावा, यासाठी धावपळ होई. एरवी मूल शेतावर गेले की गुरांमागे गेले, याची विचारपूस करण्याचे कारण मास्तरांना उरले नव्हते. शाळा अधिक व्यवस्थित झाली, छापील पुस्तके आली, तत्त्वतः दार सर्वांना उघडे झाले, हे लाभ थोडे नव्हेत. मात्र घराशी असलेला तिचा धागा सैल झाला. पुढे शेतसाऱ्यावर लोकल फंडाचा उपकर बसला, तेव्हा खेड्यातील शेतकरी शाळेसाठी पैसे तर देऊ लागला, परंतु ती शाळा त्याच्या घरापासून दूरच राहिली.

हे अंतर ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे ओळखले, ते महात्मा जोतीराव फुले. १८४८ साली पुण्यास भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या शाळेची शिक्षिका सावित्रीबाई ही स्वतः घरातच शिकलेली होती. पतीने पत्नीला शिकविले आणि मग ती इतरांच्या मुलींना शिकवू लागली. आणि त्याच कारणावरून या दांपत्याला जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. शाळेसाठी घर मोडण्याची वेळ आलेली ही माणसे घराला शत्रू समजली असती तर नवल नव्हते. त्यांनी मात्र १८५५ साली कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. मुलाला पाठविणाऱ्या आईबापांनाही अक्षर कळले पाहिजे, हा विचार त्या काळी किती पुढचा होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, त्यात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी आहे, हे आपण शाळेत शिकतो. त्याच निवेदनात शिक्षकाविषयी जे म्हटले आहे ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. शिक्षक शेतकरीवर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील; प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असा त्याचा आशय. शेतकऱ्याच्या अनास्थेवर बोट ठेवणे सोपे होते. जोतीरावांनी बोट ठेवले ते मास्तर आणि घर यांच्यामधील अंतरावर.

सक्तीची कल्पना पुढे संस्थानांनी उचलली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात तिचा प्रयोग केला व १९०६ साली ती सर्व राज्यास लागू केली. ब्रिटिश मुलुखात नामदार गोखल्यांनी १९११ साली विधेयक मांडले. ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांच्या वर नाही त्याच्या मुलाला फी माफ असावी, इतका त्यात घरच्या परिस्थितीचा विचार होता. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. एक रुपया ही तेव्हा शेतमजुराच्या घराला जड रक्कम होती. दंडाने हजेरी वाढते, हे खरे; दंडाने घर शाळेचे होते का, हा प्रश्न निराळा. महाराजांना तो ठाऊक असावा, कारण दंडाचा हुकूम निघण्यापूर्वीच, तब्बल सोळा वर्षे, ते दुसऱ्या एका कामात गुंतले होते. ते काम म्हणजे विद्यार्थी वसतिगृहे.

वसतिगृहांचे महत्त्व कळण्यासाठी आधी 'वार लावून जेवणे' म्हणजे काय, हे तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. खेड्यातील शाळा चौथी-पाचवीपर्यंत. पुढचे शिक्षण जिल्ह्याच्या किंवा संस्थानाच्या गावी. तेथे गरीब मुलाने राहावे कोठे आणि जेवावे कोठे? त्यावर ब्राह्मणवर्गात एक जुनी सोय होती. सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे, अशी सात घरे ठरलेली. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी मागायची किंवा पाणी पिऊन निजायचे. पानावर वाढणारी माउली कधी मायेने आग्रह करी, कधी उरलेसुरले वाढी. घरधनी कधी 'परीक्षा केव्हा?' म्हणून विचारी, तर कधी जेवणाच्या मोबदल्यात विहिरीचे पाणी ओढून घेई. या अन्नावर वाढलेल्या अनेकांनी पुढे नाव काढले, आणि त्यांपैकी काहींनी त्या पंक्तीतील अपमानही आयुष्यभर लक्षात ठेवले. काही झाले तरी एका शहरातील सात घरे एका परक्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लावीत होती. घर आणि शाळा यांच्या सहकार्याचे याहून साधे रूप सांगता येणार नाही.

आता त्याच शहरात आलेला कुणब्याचा, शिंप्याचा, लिंगायताचा, मुसलमानाचा, महाराचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. त्याला कोणत्या घरी वार मिळणार? पंक्तिभेदाच्या त्या काळात त्याला पान मांडणारे घर त्या वस्तीत नव्हते. आणि त्याच्या स्वजातीची जी थोडी कुटुंबे शहरात होती, त्यांना स्वतःचीच भ्रांत. तेव्हा तो मुलगा गावी परत जाई आणि मास्तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढीत. अनास्था ती हीच! वस्तुतः त्या घराला आस्था होती, म्हणून तर मूल शहरापर्यंत आले. नव्हते ते रोजचे दोन वेळचे अन्न.

शाहू महाराजांनी हे दुखणे ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी व १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि या क्रमात जैन, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी इत्यादी समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. दरबाराने जागा व मदत द्यावी, आणि त्या त्या समाजाने वर्गणी गोळा करून संस्था चालवावी, अशी साधारण पद्धत होती. ज्या मुलाला शहरात सात घरे नव्हती, त्याच्यासाठी त्याच्या समाजाने एक घर बांधले. आपल्यासारख्या अनेक ज्ञातिसंस्थांचा उगम याच प्रेरणेत आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. त्याच अभिमानाने दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. या वसतिगृहांनी शिडी दिली, तशीच थोडी भिंतही उभी केली. मूल शिकले, पण आपल्याच जातीच्या छपराखाली शिकले. ती त्या काळाची निकड होती. निकड संपल्यावरही भिंत तशीच ठेवण्यात कोणते भूषण, याचा विचार ज्ञातिसंस्थांनी स्वतःच करावा. बाहेरच्यांनी सांगण्यापेक्षा ते बरे.

ही भिंत ज्यांनी पाडली ते कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापूरच्या वातावरणात वाढले. त्यांच्या कार्यातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाला फार जवळच्या आहेत. पहिली म्हणजे मुष्टिफंड. १९१० च्या सुमारास मिरजेजवळच्या दूधगावी त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. त्याचा खर्च कोठून चालायचा? प्रत्येक घरातील स्त्रीने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची आणि ते धान्य आश्रमात जमा व्हायचे. यातील मर्म पाहावे. वर्गणी घरातील कर्ता पुरुष देतो, पावती त्याच्या नावाची. त्यात घरातील बाईचा संबंध नसतो. मूठ मात्र जात्यावर बसलेली बाईच काढते. जिचे स्वतःचे मूल कदाचित शाळेत नाही, तिलाही रोज सकाळी शाळेची आठवण होते. अशा घरातील मूल पुढे शाळेत जाण्यास किती वेळ लागणार? प्रस्तुत लेखकाच्या आजोळी अशी मूठ टाकण्याचे एक लहान गाडगे चुलीशेजारी होते, असे आई सांगत असे. कोणत्या शाळेसाठी, ते तिला आठवत नव्हते. गाडग्याला हात लावल्यास मार बसे, हे मात्र पक्के आठवत होते.

दुसरी गोष्ट पंक्तीची. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीला जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली. अशा वसतिगृहाला त्या काळी कोणता सावकार उसने धान्य देणार? तशा कठीण प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले आणि मुलांच्या पानात अन्न पडले. १९३० साली त्या निवर्तल्या. जन्माने जैन घरातील ही बाई सर्व जातींच्या मुलांची आई झाली. येथे शाळेला घराने मदत केली असे म्हणणेही अपुरे आहे. घरच वसतिगृह झाले. पुढे 'कमवा व शिका' या मार्गाने मुलांनीच शेतात आणि बांधकामावर राबून आपल्या शिक्षणाचा भार उचलला, आणि गावोगावच्या शाळांसाठी जागा, दगड, लाकूड व श्रम गावकऱ्यांनी पुरविले. ज्या भिंतीचे दगड बापाने वाहिले, त्या भिंतीआड मुलाला पाठविण्यासाठी त्याला दंडाची धास्ती घालावी लागली नाही.

तथापि मूठ देण्याइतकेही धान्य नसलेली घरे होती आणि आहेत. त्यांच्यापर्यंत शाळा कशी पोहोचली, याचा शोध घेता घेता आपण ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोर्डी या गावी येतो. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले होते, आणि १९३६ पासून दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांचे शिशुविहार चालू होते. तेथे सुशिक्षित पालक मुलांना बोटाला धरून आणून सोडीत. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातील मुले तिकडे फिरकेनात. निमंत्रणे झाली, समजूत घालणे झाले, उपयोग नाही. येथे एखाद्याने अहवालात 'पालकांची अनास्था' लिहून टाकले असते. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वाड्यातील अंगणात नेऊन मांडली. अंगणात भरते ती अंगणवाडी.

अंगणात गेल्यावर काय दिसले? आईबाप पहाटेच कामाला गेलेले. मुलांना अंघोळ नाही, नखे वाढलेली, केसांत जटा. तेव्हा शिक्षिकांनी पहिला धडा बादलीभर पाण्याने दिला. मुलांना न्हाऊ घातले, नखे कापली, वेण्या घातल्या, आणि मग गाणी. दारात उभ्या असलेल्या आजीबाई पाहत राहिल्या. शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे हीच साधने. विकत आणायची नाहीत, म्हणून घरीही तीच मिळणारी. शाळेत जे हाताळले ते घरच्या दाराशीही पडलेले आहे, हे मुलाला कळावे, यापेक्षा घर आणि शाळा यांचा दुसरा सांधा कोणता असू शकेल?

१९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या वस्तीत गेले. तेथे आणखी एक अडचण निघाली, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी हकीकत ती हीच. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नसत. का? कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई रानात किंवा मजुरीवर. तान्ह्याला सांभाळणार कोण? मुलीला शाळेत पाठवायचे म्हणजे आईने मजुरी सोडायची, आणि मजुरी सोडायची म्हणजे चूल विझायची. हे कळल्यावर कोसबाडला शाळेला लागूनच पाळणाघर चालविले गेले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली प्राथमिक वर्गात. तिन्ही एकाच आवारात. मुले गुरांमागे जातात म्हणून येत नाहीत, असे दिसले तेव्हा शिक्षक गुरांच्या मागे रानात गेले आणि कुरणशाळा सुरू झाल्या. दिवसा वेळ नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. जोतीरावांची नांगराची मूठ येथे गुराख्याच्या काठीच्या रूपाने पुन्हा भेटते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या वाड्यातील तो शब्द आज देशभर चालतो. शब्दाबरोबर अंगणही सर्वत्र पोहोचले का, हे प्रत्येकाने आपल्या गावी पाहावे.

पुढे कायद्यानेही घराला शाळेत स्थान दिले. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. कागदावर ही क्रांतीच म्हणावयाची. परंतु सभा भर दुपारी, कामाच्या दिवशी भरवायची, खुर्च्या पहिल्या रांगेत पुढाऱ्यांसाठी ठेवायच्या आणि रोजगार बुडवून आलेल्या बाईकडून नुसती सही घ्यायची, असे जेथे चालते तेथे कलम राहते आणि पालक जातो. या लेखकाचे वडील त्याच्या साऱ्या शालेय आयुष्यात एकदाच शाळेत आले. वहाणा हातात धरून ते वर्गाच्या दाराबाहेर उभे राहिले. गुरुजींनी 'काय काम आहे?' म्हणून विचारले. वडील 'काही नाही, सहज' म्हणून परत गेले. त्यांना काय विचारायचे होते, ते कधीच कळले नाही. त्या गुरुजींनीही वर्षअखेरीस अनास्थेची नोंद केली असेल काय?

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि शाळा दूरध्वनीच्या पडद्यावरून घरात आली. एका घरात एक मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर गेलेला; तेव्हा पुन्हा मुले गळू लागली. त्या वेळी अनेक शिक्षक देवळाच्या पारावर, झाडाखाली, ओट्यावर चार-चार मुले घेऊन बसले. पालघर जिल्ह्यातील पाड्यांत भोंग्यावरून धडे ऐकविले गेले. २०१४ साली ठाण्यातून वेगळा झालेला हा तोच जिल्हा, ज्यात बोर्डी आणि कोसबाड आहेत.

आता थोडे आपल्या घरचे. प्रतिवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. छायाचित्रे छापतो, टक्के छापतो, आणि ते योग्यच आहे. जुन्या स्मरणिका चाळताना मात्र असे दिसले की गुणवंतांच्या याद्या वर्षानुवर्षांच्या आहेत. दहावीपूर्वीच ज्यांची शाळा सुटली त्या आपल्या मुलामुलींची एकही यादी नाही. ती कोणी केलीच नाही. अशी घरे आपल्यात आहेत, हे विवाहमंडळाच्या नोंदवहीवरूनही समजते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींच्या नावापुढे 'शिक्षण : आठवी' असे लिहिलेले आढळते. तिच्या कडेवर कोण होते, हे आपण विचारले नाही.

कार्यकारी मंडळास नम्र सूचना अशी की, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक विभागातील दोन सभासदांनी, त्यांत एक भगिनी असावी, आपापल्या विभागातील घरोघर जाऊन ही यादी करावी, आणि नावापुढे कारणासाठी एक रकाना ठेवावा. त्या रकान्यात 'अनास्था' हा शब्द लिहिण्यास मनाई असावी. प्रस्तुत लेखकाने आपल्या विभागातील घरांचे काम अंगावर घेतले असून पहिल्या अकरा घरांच्या भेटी झाल्या आहेत.